जुन्या गाडीच्या चासीचा गंज: ठोकून बघण्यापासून आत मेण मारण्यापर्यंत

चासी, म्हणजे गाडीचा भार पेलणारा खालचा पोलादी सांगाडा, सडते ती बहुतेक वेळा आतून. बाहेरची बाजू भिजते तशी वाऱ्याने वाळतेही. पण चासीच्या पोकळ बीमच्या (लांब तुळयांच्या) आत शिरलेलं पाणी आणि चिखल महिनोन्महिने तिथेच बसून राहतो. म्हणूनच वरून काळा रंग मारून चकचकीत केलेल्या चासीत स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. पुढे सांगितलेल्या कामाचा अर्धा भाग या न दिसणाऱ्या बाजूसाठी आहे, आणि घाईत नेमका तोच सोडला जातो.

गंज कसा वाढतो, हे एका परिच्छेदात समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्यांमागचं कारण कळेल. पोलादाला गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. थेंब दिसायलाच हवा असं नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की पृष्ठभागावर न दिसणारा ओलावा धरतो. त्यात मीठ असेल, मग ते समुद्राच्या हवेतलं असो की बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं, तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्याहून कोरड्या हवेतही गंज चालू राहतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि स्पंजासारखा सच्छिद्र असतो. एकमेकांवर बसवलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत तो फुगला की पत्रे पाचर मारल्यासारखे उघडतात. त्यामुळे गंजावर नुसता रंग मारणं म्हणजे ओल्या स्पंजावर पिशवी चढवणं.

आधी तपासणी

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या, चाकांना अडण लावा आणि स्टँडवर चढवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक आणि स्टँड कुठे लावता तेही बघा, कारण सडलेल्या बीमखाली लावलेला स्टँड पत्रा फोडून वर जातो. शक्य असेल तिथे अॅक्सलखाली आधार द्या.

साधनं साधीच लागतात: पाव किलोची हातोडी, जुना चपटा स्क्रूड्रायव्हर, लोखंडी ब्रश, छोटा लोहचुंबक, खडू, टॉर्च आणि मोबाईलला जोडता येणारा केबल कॅमेरा. हातोडीने बीमच्या खालच्या बाजूवर चार-पाच सेंटिमीटरच्या अंतराने ठोकत चला. शाबूत पोलाद टणटणीत वाजतं आणि हातोडी उसळते. पातळ झालेल्या जागी आवाज बद्द येतो, हातोडी बसल्यासारखी होते आणि आत खपल्या खळखळतात. बद्द जागेवर स्क्रूड्रायव्हर हाताच्या जोराने दाबा. पत्रा दबला किंवा टोक आत गेलं, तर तिथे रंगाचा विषयच संपला, वेल्डिंग लागणार. चुंबक जिथे अचानक ढिला पडतो, तिथे आधीच्या कोणीतरी लांबी (पुट्टी) किंवा फायबर भरून वर रंग चढवलेला असतो. जुनी गाडी विकत घेताना ही चाचणी दोन मिनिटांत होते आणि ती केल्याशिवाय व्यवहार करूच नये.

कुठे जास्त शोधायचं? पाटे (लीफ स्प्रिंग) ज्या ब्रॅकेटला टांगलेले असतात तो भाग, शॅकलच्या (पाट्याचं हलतं टोक धरणाऱ्या दुव्याच्या) मागचा बीम, मागच्या चाकाच्या वर जिथे बीम कमान घेतो तो वळसा, क्रॉस मेंबर (दोन बीमना जोडणारा आडवा दांडा) बीमला मिळतो ते कोपरे, बॉडी माउंटच्या (बॉडी चासीवर जिथे बसते तिथल्या) रबराखालची बैठक आणि इंधनटाकीच्या वरची, हात न पोचणारी बाजू. पट्टी वेल्ड करून दुपदरी केलेली जागा हमखास संशयित समजा. बीमची बंद टोकं आणि सर्वांत खालचा बिंदू कॅमेऱ्याने आतून बघा.

खडूने तीन खुणा करत जा. वरवरचा लालसर गंज, ज्याखाली धातू गुळगुळीत आहे, तो पहिला. खपली सुटते आणि खाली खड्डे दिसतात तो दुसरा. भोक पडलेला किंवा दबणारा तिसरा. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या सीमेवर शंका असेल तर अल्ट्रासॉनिक जाडीमापक उपयोगी पडतो. त्याच बीमच्या शाबूत भागाचं माप घेऊन तुलना करा. ३ मिमीचा पत्रा २.४ मिमीच्या खाली आला असेल, तर तो नुसता रंगवून सोडू नये, असं आमचं मत आहे. सस्पेन्शनच्या किंवा स्टिअरिंग बॉक्सच्या बैठकीजवळ तर याहून कमी झीजही जाणकाराला दाखवावी.

धुणं आणि वाळवणं

इथे एक क्रम पाळावाच लागतो: तेलकटपणा आधी काढायचा, घासणं नंतर. ग्रीस आणि इंजिन ऑइल लागलेल्या जागेवर वायर ब्रश फिरवला तर तेल गंजाच्या छिद्रांत आणि ओरखड्यांत चोळलं जातं. मग कितीही महाग प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) लावा, तो तिथून पोपड्यासारखा सुटतो. पाण्यात मिसळणारा डीग्रीसर मारा, दहा मिनिटं ठेवा, ब्रशने घासा, धुवा. जाड ग्रीस असेल तर पुन्हा एकदा करा.

मग बीमची आतली बाजू. बीमला बनावटीतच भोकं असतात, काही पाणी निचरायला आणि काही जोडणीसाठी. खालची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. वरच्या भोकातून पाण्याची नळी आत घालून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धुवत जा. सुरुवातीला गढूळ पाणी आणि गंजाच्या चकत्या पडतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबू नका, कारण याच पाण्याबरोबर मीठही जातं. एक-दोन बादल्यांत भागणारं हे काम नाही, एकेका बीमला वीस-पंचवीस मिनिटं लागू शकतात. नंतर ब्लोअरने हवा मारा आणि गाडी किमान दोन दिवस वाऱ्याला ठेवा. आतून ओला बीम वरून बंद केला तर आधीची मेहनत वाया.

गंज उतरवणं

कामाआधी बॅटरीची जोडणी काढा. इंधनटाकीजवळ ग्राइंडर चालवायचा असेल तर टाकी उतरवून दूर ठेवा. रिकामी टाकी सुरक्षित असते हा समज घातक आहे, कारण भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ जास्त सहज भडकते. ब्रेकचे पाइप आणि वायरिंग बाजूला बांधा किंवा पत्र्याने झाका.

जाड खपल्या हातोडी आणि बोथट छिन्नीने पाडा. खपलीवर थेट वायर ब्रश फिरवणं फुकट जातं. त्यानंतर १०० किंवा ११५ मिमीच्या ग्राइंडरवर पीळ दिलेल्या तारांचा कप ब्रश लावा. ब्रशवर लिहिलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त आहे ना, हे बघूनच. तुटलेल्या तारा सुईसारख्या उडतात, म्हणून चष्म्यावर भागवू नका, पूर्ण चेहऱ्याची ढाल घाला.

वायर ब्रशची एक फसवणूक माहीत असावी. गंज निघाला नाही तरी तो दाबून घोटला जातो आणि काळसर चकाकतो. धातू उघडा पडल्यासारखं वाटतं, पण खड्ड्याच्या तळाशी गंज तसाच असतो. शिवाय इतक्या गुळगुळीत पृष्ठभागाला प्रायमर धरत नाही. म्हणून शेवटी ६० किंवा ८० ग्रिटची फ्लॅप डिस्क हलक्या हाताने फिरवून ओरखडे उठवा. जोर देऊ नका, ती चांगला धातूही झपाट्याने खाते. कोपऱ्यांत ८० नंबरचा पॉलिश पेपर हातानेच.

सुटी केलेली चासी असेल तर ब्लास्टिंगसारखं (हवेच्या दाबाने कठीण दाणे मारण्यासारखं) दुसरं काही नाही, कारण खड्ड्याच्या तळापर्यंत तेच पोचतं. त्यासाठी गार्नेट किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइड वापरावं. साध्या वाळूच्या धुळीतला सिलिका फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. बीमची सगळी भोकं आधी बुजवा, नाहीतर किलोंनी दाणे आत जाऊन बसतात आणि पुढे निचराच बंद करतात. ब्लास्ट केलेलं पोलाद काही तासांत पुन्हा तांबूस होऊ लागतं, तेव्हा प्रायमर त्याच दिवशी.

साफ केलेल्या खड्ड्यांत दुसऱ्या दिवशी सकाळी काळे-तपकिरी, ओलसर ठिपके दिसले तर ते मिठाचं लक्षण. भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, लगेच वाळवा, पुन्हा घासा. ठिपके यायचे थांबेपर्यंत दोन-तीनदा करावं लागतं. कंटाळवाणं आहे खरं, पण रंगाखालून येणारे फोड बहुतेक इथूनच उगवतात.

भोकं असतील तर वेल्डिंग आता

रसायन आणि रंगाच्या आधी ठिगळाचं काम उरकायचं. चासीचं वेल्डिंग शिकण्यासाठीची जागा नाही, ते सरावाच्या हातानेच व्हावं. पण काम करून घेणाऱ्यालाही काही गोष्टी कळलेल्या बऱ्या. ठिगळ सडक्या पत्र्यावर चढवायचं नसतं. चांगला धातू लागेपर्यंत कापून काढायचं आणि शाबूत कडेला जोडायचं. पट्टीची जाडी बीमच्या जाडीइतकीच घ्यावी. खूप जाड पट्टी लावली की तिच्या कडेला ताण एकवटतो आणि बीम नेमका तिथे तडकतो. त्याच कारणाने पट्टीची टोकं सरळ चौकोनी न ठेवता तिरकी किंवा निमुळती कापतात, आणि बीमच्या वरच्या-खालच्या फ्लँजवर (आडव्या बाजूंवर) वेल्डिंगचा आडवा सलग टाका घालत नाहीत. लांब टाका एका दमात मारला तर बीम वाकतो, म्हणून दोन-तीन सेंटिमीटरचे टाके आलटून पालटून वेगवेगळ्या जागी. काही अवजड गाड्यांचे बीम उष्णता-प्रक्रिया केलेले असतात. त्यांना कंपनीच्या सूचनेशिवाय वेल्डिंग किंवा ड्रिल काहीच करू नये.

दोन धोके जिवावरचे आहेत. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पुसायला अॅसिटोन घ्या आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी-ताप भरतो. मुलामा आधी घासून काढा आणि हवा खेळती ठेवा.

दोन बाटल्यांचा गोंधळ

गंजावर मारायच्या रसायनांचे मुळात दोन प्रकार आहेत आणि सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात. पहिला प्रकार गंज विरघळवणारा, बहुधा फॉस्फोरिक आम्लाचा. तो लावायचा, पंधरा ते तीस मिनिटं ओला ठेवायचा, ब्रशने घासायचा आणि पाण्याने पूर्ण धुऊन वाळवायचा. दुसरा प्रकार गंजाचं रूपांतर करणारा. टॅनिक आम्ल असेल तर गंज निळसर काळा होतो. या प्रकारात बहुधा पॉलिमरही असतो, म्हणजे तो स्वतःच पातळ प्रायमरसारखा थर बनवतो. हा धुवायचा नसतो. बाटलीवर दिलेल्या वेळेइतका, बहुधा एक दिवस, वाळू द्यायचा.

पहिला प्रकार न धुता वर दोन भागांचा (रेझिन आणि हार्डनर मिसळून लावायचा) इपॉक्सी मारला, तर उरलेलं आम्ल इपॉक्सीच्या हार्डनरशी भिडतं आणि थर चिकट राहतो किंवा नखाने सुटतो. दुसरा प्रकार चकचकीत उघड्या धातूवर लावला तर रूपांतर करायला तिथे गंजच नसतो आणि थर धरत नाही. दुसरा प्रकार घट्ट बसलेल्या, पातळ, काढता न येणाऱ्या गंजासाठी आहे. खपल्यांवर ओतून काम उरकण्यासाठी नव्हे, कारण खपलीच्या वरचा अर्धा मिलिमीटर काळा पडतो आणि खाली सगळं चालूच राहतं.

आणखी एक. पाट्याच्या पट्ट्या, टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आणि उच्च ताणाचे बोल्ट आम्लात बुडवू नका. आम्लामुळे कठीण पोलादात हायड्रोजन शिरतो आणि भाग ठिसूळ होऊन नंतर अचानक तुटू शकतो. असे भाग घासूनच साफ करायचे.

रंग: कोणता, किती, कधी

उघड्या, खरखरीत धातूवर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, हा आमचा पहिला पसंतीचा मार्ग. तो पाण्याला चांगला अडवतो, आणि गाडीखाली ऊन नसल्यामुळे उन्हाने पावडर सुटण्याचा त्याचा दोष फारसा जाणवत नाही. बीमची बाहेरून दिसणारी बाजू असेल तर वर पॉलियुरेथेनचा थर द्या. जस्ताचा प्रायमर तेव्हाच, जेव्हा धातू पूर्ण उघडा असेल. जस्त लोखंडाला थेट टेकलं तरच स्वतः झिजून त्याला वाचवतं. रूपांतरित गंजावर किंवा जुन्या रंगावर त्याचा तो गुण वायाच जातो. जस्तावर थेट तेलाचा इनॅमल मारू नये, मध्ये साबणासारखा थर तयार होऊन रंग सुटतो.

हवेतल्या ओलाव्याने कडक होणारा युरेथेन रंगही गंजाच्या खरखरीत जागेवर घट्ट धरतो. गुळगुळीत धातूवरून मात्र तो सालीसारखा निघतो, आणि उन्हात टिकायला त्याला वरचा थर लागतो. हवं तेवढंच वेगळ्या भांड्यात ओतून घ्या. डब्याच्या कडेला रंग राहिला तर झाकण कायमचं चिकटतं.

हिशोब असा करा. शिडीच्या आकाराच्या चासीचे लांबीचे दोन बीम प्रत्येकी ४ मीटर आणि त्यांच्या काटछेदाचा घेर ०.४५ मीटर धरला तर ३.६ चौरस मीटर झाले. क्रॉस मेंबर आणि ब्रॅकेट मिळून आणखी २ ते २.५, म्हणजे साधारण ६ चौरस मीटर. डब्यावर घन भाग (रंग सुकल्यावर उरणारा) ६० टक्के लिहिला असेल आणि सुकलेला थर ६० मायक्रॉन हवा असेल, तर ६० (टक्के) गुणिले १० भागिले ६० (मायक्रॉन), म्हणजे लिटरला १० चौरस मीटर. दोन थरांना १.२ लिटर. ब्रशची, भांड्याची आणि खड्ड्यांची गळती धरून १.६ ते २ लिटर घ्या.

पहिल्या पूर्ण थराच्या आधी कडा, टाके, रिव्हेट आणि बोल्टची डोकी छोट्या ब्रशने वेगळी रंगवा. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो, त्यामुळे गंज पुन्हा दिसतो तो कडेवरच. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त असावं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. पहाटे हाताला गार लागणाऱ्या लोखंडावर रंग मारायला घेऊ नका.

इपॉक्सीचे दोन भाग वजनाने की मापाने मिसळायचे, हे डब्यावर वाचा, अंदाज चालत नाही. एका वेळी थोडंच मिसळा, कारण मोठ्या भांड्यातलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होतं. डब्यावर दिलेली दुसऱ्या थराची मुदत उलटली तर १८० नंबरच्या पेपरने घासल्याशिवाय पुढचा थर देऊ नका. पॉलियुरेथेन फवारायचा असेल तर त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट श्वासाला घातक असतं. कापडी मास्क तिथे काही कामाचा नाही.

डिस्क, ड्रम, कॅलिपर, ब्रेकच्या रबरी नळ्या, सायलेन्सर, सेन्सर आणि गिअरबॉक्स-अॅक्सलचे ब्रीदर (आतली हवा सोडणारी तोंडं) टेपने झाका. अर्थिंगच्या तारेखालची जागा उघडी ठेवा, बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावा.

डांबर किंवा रबरासारखा जाड अंडरकोट या सगळ्याऐवजी मारला जातो, त्याबद्दल स्पष्टच सांगतो: गंजावर तो मारू नका. काही वर्षांनी तो कडक होऊन तडकतो, पाणी मागे शिरतं आणि बाहेर पडत नाही. वरून सगळं काळंभोर आणि छान दिसत राहतं, ते वेगळंच. चाकाच्या कमानीत खडीचा मार लागतो तिथे इपॉक्सीवर पातळ थर ठीक आहे.

आतली बाजू

पोकळ बीमच्या आत रंग नीट पोचत नाही, म्हणून तिथे कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे फटीत झिरपणारं आणि कडक न होणारं मेण. त्यासाठी लांब लवचिक नळी आणि चहूबाजूंनी फवारणारं टोक लागतं. डबा कोमट पाण्यात, साधारण ४० अंशांपर्यंतच्या, थोडा वेळ ठेवला तर मेण पातळ होऊन चांगलं झिरपतं. नळी शेवटपर्यंत आत सारा, फवारा सुरू करा आणि सावकाश बाहेर ओढा. आत सारताना फवारला तर जवळच ढीग साचतो आणि टोकं कोरडी राहतात. वर दिलेल्या मापाच्या दोन बीमना साधारण एक लिटर लागतं. निचऱ्याच्या भोकातून मेण ठिबकू लागलं की पोचलं असं समजा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक भोकात तार घालून ते मोकळं आहे याची खात्री करा. मेणाने बुजलेला निचरा म्हणजे आपणच तयार केलेलं पाण्याचं टाकं असतं.

नवं भोक पाडण्याची वेळ आलीच, तर बीमच्या उभ्या भिंतीच्या मध्यावर पाडा. वरच्या-खालच्या फ्लँजवर कधीच नाही, कारण ताण तिथे सर्वाधिक असतो. कड कानसून रंगवा आणि रबरी बूच बसवा. वॅक्समधलं द्रावक पेट घेतं, तेव्हा काही दिवस आसपास वेल्डिंग नको.

जुनं इंजिन ऑइल मारण्याची पद्धत अजून चालू आहे. ते स्वस्तात मिळतं आणि काही काळ गंज रोखतंही, पण रबरी बुश फुगवतं, पावसात जमिनीत उतरतं, त्वचेला अपायकारक आहे आणि त्या जागी पुढे कधी रंग धरू देत नाही.

ब्रेकचे लोखंडी पाइप चासीला क्लिपने जिथे धरलेले असतात, तिथे क्लिप काढून बघा. क्लिपखाली खड्डे पडले असतील तर तो पाइप रंगवून वाचवायचा नसतो, बदलायचा असतो. बदलताना तांबं-निकेल मिश्रधातूचा घेतला तर गंजाचा प्रश्न मिटतो.

पुढची राखण

ओल्या हंगामाआधी आणि नंतर गाडी खालून धुवा. चिखल साचणारे वळसे आणि पाट्याच्या ब्रॅकेटच्या मागची खाच पहिल्यांदा. मिठाच्या रस्त्यावर किंवा समुद्राच्या वाळूत फिरून आलात तर त्याच आठवड्यात. वर्षातून एकदा हातोडी आणि टॉर्च घेऊन खाली जा, खडीने रंग उडालेल्या जागा घासून इपॉक्सीने डागडुजी करा, बीममध्ये कॅमेरा घाला. मेण कोरडं, भुरकट दिसत असेल तर पुन्हा फवारा. दर दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते, मिठाच्या हवेत त्याआधीच. ताडपत्रीने घट्ट झाकून मातीच्या जमिनीवर उभी ठेवलेली गाडी उघड्यावरच्या गाडीपेक्षा लवकर गंजते, कारण जमिनीची वाफ खालीच कोंडते. झाकायचीच असेल तर खालून वारा जाईल अशी झाका.